गति कीं संख्या ?

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय संगणकाचा असला, तरी तो केवळ यंत्रविद्या जाणणारांसाठीं निवडलेला नाहीं. नागपूरच्या इतवारींत जिच्यावर संगणक नाहीं अशी पेढी आज क्वचितच सांपडेल. सराफाची खतावणी त्यावर लिहिली जाते, ठोक व्यापाऱ्याच्या मालाची नोंद त्यावर होते, लग्नसराईंतील छायाचित्रें व चित्रफिती त्यावर तयार होतात, आणि निमंत्रणपत्रिकेचा मजकूरहि त्यावरच जुळविला जातो. कांहीं वर्षांनीं जुनें यंत्र थकतें. नवें घेण्यास गेलें म्हणजे विक्रेता सारख्याच किंमतीचीं दोन यंत्रें पुढें ठेवतो. एकांत 'कोअर' अधिक असतात. दुसऱ्यांत ते कमी असतात, पण त्याचा 'क्लॉक स्पीड', म्हणजे ठोक्यांची गति, अधिक असते. घेणारा गोंधळतो, आणि बहुधा ज्याचा आंकडा डोळ्यांत भरतो तें यंत्र उचलतो. पैसा कष्टाचा असतो. आणि यंत्र कामाला जुळलें नाहीं, तर त्याचा दंड एकदांच भरून सुटका होत नाहीं. पुढें कैक वर्षें, गिऱ्हाईक समोर ताटकळत असतां, पडद्याकडे पाहत बसावें लागतें.

हा प्रश्न दिसण्यांत एका दुकानाचा आहे. परंतु एके काळीं हाच प्रश्न आपल्या देशापुढें उभा होता, आणि त्याचें उत्तर महाराष्ट्रांत, पुण्यास, शोधण्यांत आलें. दुकानाचा आणि देशाचा असा दोन्ही अंगांनीं विचार आज थोडक्यांत करूं.

प्रथम शब्दांचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. संगणकाच्या आंत प्रोसेसर नांवाची एक चिप असते. मुख्य गणन तीच करते. तिचें काम ठोक्यांवर चालतें. प्रत्येक ठोक्याला कामाचें एक बारीकसें पाऊल पुढें पडतें. सेकंदाला किती ठोके पडतात त्यावरून तिची गति सांगतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटि ठोके; पांच गिगाहर्ट्झ म्हणजे पांचशें कोटि. हा वेग केवढा आहे ह्याची कल्पना यावी म्हणून एवढेंच सांगतों, कीं सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धांवणारा प्रकाशदेखील अशा दोन ठोक्यांमधल्या अवकाशांत अवघा सहा सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार बोटें, पुढें सरकतो.

आतां 'कोअर' म्हणजे काय? एकाच चिपवर कोरलेला एकेक स्वतंत्र गणक, म्हणजे कोअर. पेढीच्या भाषेंत बोलावयाचें तर चार कोअरांचें यंत्र म्हणजे एका गादीवर बसलेले चार मुनीम, आणि आठ कोअरांचें म्हणजे आठ मुनीम. ठोक्यांची गति ही एकेका मुनिमाच्या हाताची चपळाई होय. तेव्हां विक्रेत्याचा प्रश्न इतकाच, कीं चपळ मुनीम चार ठेवावे, कीं जरा सावकाश लिहिणारे आठ?

पूर्वीं हा प्रश्न कोणास पडत नसे. मुनीम एकच असे, आणि त्याचा हात दरवर्षीं अधिक चपळ होत जाई. सन १९७१ मध्यें इंटेल कंपनीनें '४००४' ही चिप विक्रीस आणली; तिचे ठोके सेकंदाला सुमारें ७ लक्ष ४० हजार होते. १९९३ सालच्या पेंटियम चिपचे ठोके ६ कोटि ६० लक्षांपर्यंत गेले. २००० सालच्या मार्चमध्यें एएमडी कंपनीच्या ॲथलॉन चिपनें शंभर कोटींची, म्हणजे एक गिगाहर्ट्झची, मर्यादा गांठली. सात वर्षांत पंधरापट! घेणाऱ्यानें नुसतें दोन वर्षें थांबावें, कीं त्याचें जुनें काम, त्यांत एका अक्षराचाहि बदल न करतां, नव्या यंत्रावर झपाट्यानें होऊं लागे. २००४ सालीं पेंटियम ४ ही चिप ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोंचली; आणि त्याच वर्षीं इंटेलनें तिची चार गिगाहर्ट्झची जाहीर केलेली आवृत्ति रद्द केली. तेथें ही दौड अडली. पुढें वीस वर्षांनीं, २०२४ सालीं, घरगुती संगणकासाठीं विकल्या जाणाऱ्या चिपची कमाल गति ६.२ गिगाहर्ट्झ होती, आणि तीहि थोडा वेळच टिकणारी. सात वर्षांत पंधरापट वाढलेली गति पुढच्या वीस वर्षांत दुप्पटहि होऊं शकली नाहीं.

ही दौड अडविली ती उष्णतेनें. चिपला लागणारी वीज ठोक्यांच्या प्रमाणांत वाढते, आणि विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या प्रमाणांतहि वाढते. ठोके वाढवावयाचे तर दाबहि वाढवावा लागतो. म्हणून ढोबळ हिशेबानें गति सव्वापट केली, तर उष्णता सव्वापट होत नाहीं. ती जवळजवळ दुप्पट होते. उलट गति एक पंचमांशानें कमी केली, तर उष्णता निम्म्यावर येते. ह्या हिशेबांतच सगळें मर्म आहे. एका चपळ कोअरला जेवढी वीज लागते, तेवढ्याच विजेंत आणि तेवढ्याच उष्णतेंत त्याच्या चार पंचमांश गतीचे दोन कोअर बसतात. आणि दोघांचें मिळून काम दीडपटीहून अधिक होतें. २००५ सालीं घरगुती संगणकांत दोन कोअरांच्या चिपा आल्या त्या ह्याच कारणानें. पुढें चार झाले, आठ झाले. आणि आज आपल्या खिशांतील साध्या टेलिफोनांतहि पुष्कळदां आठ कोअर असतात.

नागपूरकरांना उष्णतेची गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं. वैशाखांत आपल्या शहरांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. संगणकाचा पंखा चिपवर खोलींतलीच हवा घालतो. खोलीच तापलेली असली तर तो बिचारा काय करणार? अशा वेळीं चिप स्वतःला वांचविण्यासाठीं आपले ठोके आपणच कमी करते. म्हणून जें यंत्र पौष-माघांत विकत घेतांना चपळ वाटलें, तेंच मे महिन्यांत रेंगाळतें. गतीसाठीं अधिक पैसे मोजणारानें यंत्र कोठें ठेवावयाचें आहे ह्याचाहि विचार केलेला बरा.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, "मग निकाल लागलाच, कोअर अधिक असतील तें यंत्र घ्यावें." परंतु गोष्ट इतकी सरळ नाहीं. इतवारीच्या सराफ्यांतलें उदाहरण घेऊं. एक कारागीर एका दिवसांत एक बांगडी घडवितो असें समजा. सोनें आटवावयाचें, पत्रा ओढावयाचा, वाकवावयाचा, डाग द्यावयाचा, मग जिल्हई करावयाची. आतां पांच कारागीर बसविले, तर दिवसाकांठीं पांच बांगड्या होतील. ह्यांत संशय नाहीं. परंतु ज्या गिऱ्हाइकाला एकच बांगडी पाहिजे आहे, त्याला ती पांचपट लवकर मिळेल काय? मिळणार नाहीं. आटविल्यावांचून पत्रा ओढतां येत नाहीं, आणि वाकविल्यावांचून डाग देतां येत नाहीं. एकजण काम करील आणि चौघे त्याच्या तोंडाकडे पाहत बसतील. त्या गिऱ्हाइकाचें काम लवकर व्हावयाचें असेल, तर अधिक चपळ हाताचा एक कारागीरच पाहिजे.

पुष्कळ काम उरकणें ही एक गोष्ट, आणि एक काम लवकर उरकणें ही दुसरी गोष्ट. कोअरांची संख्या पहिलीला साहाय्य करते. ठोक्यांची गति दोहोंलाहि करते, पण तिची मर्यादा आपण नुकतीच पाहिली. म्हणून यंत्र घेण्यापूर्वीं यंत्राकडे न पाहतां आपल्या कामाकडे पाहावें, आणि विचारावें, कीं हें काम वांटून देतां येण्यासारखें आहे काय?

ह्या प्रश्नाचें उत्तर पहिल्या दृष्टीला दिसतें तसेंच नेहमीं असतें असें नाहीं. पेढीच्या खात्याचींच चारशें पानें घ्या. प्रत्येक पानाची अखेरची शिल्लक ही पुढच्या पानाची आरंभीची शिल्लक. तेव्हां पहिलें पान पुरें झाल्यावांचून दुसरें हातीं धरतां येत नाहीं, म्हणून हें काम एकट्यानेंच केलें पाहिजे, असें कोणासहि वाटेल. परंतु एखादा हुशार मुनीम चौघांना शंभर शंभर पानें वांटून देतो आणि सांगतो, कीं आरंभीची शिल्लक सोडून द्या; आपापल्या शंभर पानांतली जमा आणि नांवें ह्यांचा फरक तेवढा काढा. चौघेहि एकाच वेळीं कामाला लागतात. शेवटीं चार आंकडे हातीं येतात, ते क्रमानें मिळविले कीं प्रत्येकाची आरंभीची शिल्लक ठरते. जें काम वांटतां येणार नाहीं असें वाटत होतें, तें निराळ्या रीतीनें मांडल्यावर वांटतां आलें. ही मांडणी बाजारांत विकत मिळत नाहीं. ती कोणीतरी डोकें चालवून करावी लागते. संगणकांत हें डोकें प्रोग्रॅम लिहिणाराचें असतें. त्यानें तें चालविलें नसेल, तर तुमच्या यंत्रांतील आठांपैकीं सात कोअर नुसते बसून राहतात.

आणि मांडणी कितीहि कुशल असली, तरी शेवटची ती चार आंकड्यांची बेरीज एकालाच करावी लागते. हा जो न वांटतां येणारा भाग, त्याचा प्रताप अमेरिकेंतील जीन ॲमडाल ह्या संगणकतज्ज्ञांनीं १९६७ सालीं दाखवून दिला. त्यांच्या विचाराचें सार एका हिशेबानें सांगतों. एका कोअरला एक काम करण्यास ६० मिनिटें लागतात. त्यांपैकीं १२ मिनिटांचा भाग वांटतां येत नाहीं, ४८ मिनिटांचा वांटतां येतो. चार कोअर लावले, तर वांटलेला भाग १२ मिनिटांत होईल आणि एकंदर काम २४ मिनिटांत. आठ लावले, तर १८ मिनिटांत. सोळा लावले, तर १५ मिनिटांत. येथें पाहा, आठांचे सोळा केले तेव्हां पदरांत पडलीं अवघीं तीन मिनिटें. आणि हजार कोअर लावले तरी १२ मिनिटांच्या आंत हें काम कधींच होणार नाहीं.

आतां ह्याच कामासाठीं गति आणि संख्या ह्यांची तुलना करूं. आठ सावकाश कोअर हें काम १८ मिनिटांत करतात. सव्वापट गतीचे चार कोअर तेंच काम १९ मिनिटें आणि कांहीं सेकंदांत करतात. म्हणजे फरक नांवाचा. सोळा सावकाश कोअरांना १५ मिनिटें लागतात. सव्वापट गतीचे आठ कोअर तें काम साडेचौदा मिनिटांच्या आंत उरकतात. येथें संख्येवर गतीनें मात केली. कामाचा कांहींच भाग वांटतां येत नसेल, तर आठ काय आणि सोळा काय, सावकाश कोअर ६० मिनिटेंच घेणार, आणि सव्वापट गतीचा एकटा ४८ मिनिटांत मोकळा होणार. उलट सारेंच काम वांटतां येत असेल, तर सोळांच्या पुढें आठांचा टिकाव लागणार नाहीं. तेव्हां निर्णय करतो तो कामाच्या अविभाज्य भागाचा आकार.

आणखी एक अडचण आहे. कामकरी वाढले म्हणजे त्यांची ये-जा वाढते. इतवारींतल्या एखाद्या अरुंद बोळांत गोदाम असलें आणि बोळ एका हातगाडीपुरताच रुंद असला, तर चारांऐवजीं आठ हमाल लावून पोतीं दुप्पट वेगानें बाहेर येत नाहींत. चौघांना तोंडाशीं थांबावें लागतें. संगणकांतील कोअरहि आपला कच्चा माल एकाच स्मृतींतून, म्हणजे 'रॅम'मधून, आणीत असतात. ती वाट अरुंद असली तर वाढीव कोअर वाटेंतच खोळंबतात. इतवारीच्या रेल्वे स्थानकावर शंभराहून अधिक वर्षें रुंद आणि अरुंद असे दोन्ही रूळ होते. छिंदवाड्याकडील अरुंद रूळ २०१५ सालीं बंद झाला, आणि नागभीडकडील २०१९ सालीं. एका रुळाचा डबा दुसऱ्या रुळावर जात नाहीं. माल न्यावयाचा तर उतरवून पुन्हां चढविलाच पाहिजे. एका कोअरनें काढलेलें उत्तर दुसऱ्याच्या हवालीं करावयाचें म्हणजे अशीच उतरव-चढव असते. काम फारच बारीक वांटलें, तर कामापेक्षां ही उतरव-चढवच अधिक होते.

आतां देशाच्या गोष्टीकडे वळूं. १९८० नंतरच्या दशकांत जगांतील अतिवेगवान संगणक म्हणजे अमेरिकेंतील सेमूर क्रे ह्यांच्या नांवाचीं यंत्रें. त्यांची रीत अशी, कीं प्रोसेसर थोडे, परंतु विलक्षण चपळ. शेत नांगरावयाचें तर दोन धट्टेकट्टे बैल बरे कीं हजारभर कोंबड्या, असा सवाल क्रे ह्यांनीं केला होता असें सांगतात. पोळ्याच्या दिवशीं बैलांची पूजा करणाऱ्या आपल्या विदर्भांत ह्या सवालाचें उत्तर कोणीहि देईल. परंतु हे बैल आपणांस सहजासहजीं मिळत नव्हते. क्रे यंत्र परदेशीं विकण्यास अमेरिकन सरकारची अनुज्ञा लागे. हवामानाच्या अंदाजासाठीं एक यंत्र पुष्कळ वाटाघाटीनंतर आणि अटी घालून दिल्लीस आलें. परंतु आपल्याला हवीं तीं आणि हवीं तितकीं यंत्रें मिळण्याची आशा नव्हती. अशा स्थितींत १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, ज्याला आपण सी-डॅक म्हणतों, तें स्थापन झालें. त्याची धुरा डॉ. विजय भटकर ह्यांच्याकडे आली. ते अकोला जिल्ह्यांतील मुरंब्याचे, आणि नागपूरच्याच विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी.

ह्या मंडळींनीं बैलांचा नाद सोडला. इंग्लंडमधील इन्मॉस कंपनीची 'ट्रान्सप्युटर' नांवाची चिप बाजारांत मिळत असे. तिचे ठोके सेकंदाला दोन-तीन कोटि. क्रे एक्स-एमपीचे दहा कोटींहून अधिक. एकास एक लावून पाहिलें तर ही चिप क्रेच्या पासंगालाहि लागत नव्हती. परंतु तिच्यांत एक गुण होता. शेजारच्या चिपांशीं बोलण्यासाठीं तिला चार वाटा होत्या. अशा चौसष्ट चिपा एकत्र गुंफून १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. त्याच वर्षीं ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेंहि अनेक प्रोसेसर जोडून 'अनुपम' हें यंत्र सिद्ध केलें. आमचें काम नांगरण्याचें नाहीं, खळ्यांत विखुरलेले दाणे टिपण्याचें आहे, असें मानून ते चालले. आणि दाणे टिपण्याच्या कामीं बैलाचा काय उपयोग?

मात्र ह्या मार्गाचें मोल त्यांना मोजावें लागलें. एका चपळ प्रोसेसरसाठीं लिहिलेले प्रोग्रॅम अशा यंत्रावर जसेच्या तसे चालवून लाभ होत नाहीं. प्रत्येक प्रश्न नव्यानें फोडावा लागतो. कोणता तुकडा कोणाकडे जावा, कोणी कोणाला केव्हां काय कळवावें, हें सारें ठरवावें लागतें. यंत्र जोडण्याइतकेच श्रम प्रश्न फोडण्यास पडतात. परंतु जी विद्या ह्या श्रमांतून हातीं येते तिला कोणाच्या अनुज्ञेची गरज उरत नाहीं. पुढें सगळें जगच त्या वाटेनें गेलें. २००७ सालच्या नोव्हेंबरांत जगांतील पांचशें महासंगणकांच्या यादींत पुण्याच्याच टाटांच्या एका यंत्राचा चौथा क्रमांक लागला. त्याचें नांव 'एका', आणि त्याच्या पोटांत कोअर मात्र चौदा हजारांहून अधिक!

हें कशासाठीं, असें विचाराल तर विदर्भांतल्या शेतकऱ्याकडे पाहा. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणजे कपाशी पेरावी, कीं थांबावें? पेरलें आणि पावसानें पाठ फिरविली, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. हवामानाचा अंदाज त्याला वेळेवर पाहिजे. उद्यांचा अंदाज गणण्यास दोन दिवस लागत असतील, तर त्या अंदाजाचें करावयाचें काय? हें गणन करण्यासाठीं वातावरणाचे चौकोन पाडतात, आणि प्रत्येक चौकोनांतील हवेचा दाब, वारा, बाष्प ह्यांचा हिशेब मांडतात. चौकोनाची बाजू निम्मी केली, तर चौकोन चौपट होतात, आणि काळाचीं पाउलेंहि निम्मीं टाकावीं लागतात. म्हणजे काम सुमारें आठपट. हें काम वांटून घ्यावें ही कल्पना संगणकाहूनहि जुनी आहे. इंग्रज शास्त्रज्ञ लुईस रिचर्डसन ह्यांनीं १९२२ सालच्या आपल्या ग्रंथांत असें चित्र रंगविलें होतें, कीं एका प्रचंड सभागृहांत चौसष्ट हजार माणसें बसलीं आहेत, आणि प्रत्येकजण आपल्या वांट्याच्या प्रदेशाचें गणित करीत आहे. आज तीं माणसें म्हणजे कोअर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत २०२४ सालीं 'अर्क' हा महासंगणक बसविण्यांत आला. त्याची शक्ति सेकंदाला सुमारें पावणेबारा हजार लक्ष कोटि गणितें करण्याची आहे. २०२५ सालच्या मे महिन्यांत पूर्वींच्या १२ किलोमीटरांच्या चौकोनाऐवजीं ६ किलोमीटरांच्या चौकोनाचा अंदाज सुरू झाला. एकट्या कोअरची गति कितीहि वाढविली असती, तरी हें साधलें नसतें. एका चौकोनाच्या हवेचा संबंध मुख्यतः शेजारच्या चौकोनांशीं असतो, म्हणून हें काम वांटून घेण्याजोगें निघालें.

आतां पुन्हां पेढीवर येऊं आणि व्यवहाराचें बोलूं.

ज्या दुकानांत एकच माणूस संगणकावर बसून बिलें करतो, खतावणी पाहतो आणि पत्रें लिहितो, त्याला चार किंवा सहा चपळ कोअर पुरे आहेत. त्याहून अधिक कोअरांवर पैसा घालण्यापेक्षां तो अधिक रॅमवर आणि एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजीं चिपांच्या बनलेल्या साठवणीवर, खर्चावा. पुष्कळ ठिकाणीं खोळंबा तबकडीचा असतो आणि दोष प्रोसेसरच्या माथीं मारला जातो. नकाशे आणि दागिन्यांचे आराखडे काढणाऱ्या प्रोग्रॅमांतहि बरेंचसें काम एका वेळीं एकच कोअर करतो. तेथें गतीला प्राधान्य द्यावें.

लग्नाच्या चित्रफिती तयार करणाराचें तसें नाहीं. चित्रफीत म्हणजे हजारों चित्रांची माळ. तिचे तुकडे पाडून ते अनेक कोअरांना वांटतां येतात. दोन हजार छायाचित्रांचा रंग सुधारावयाचा असेल, तर प्रत्येक छायाचित्र हें स्वतंत्र काम आहे. अशा व्यवसायाला आठ, बारा किंवा सोळा कोअर घेतलेले खरोखरीच उपयोगीं पडतात. तसेंच एकाच मुख्य यंत्राला दुकानांतलीं दहा टेबलें जोडलेलीं असतील, तर दहा माणसांचीं दहा कामें आपोआपच वांटलेलीं असतात. तेथेंहि संख्येला मान द्यावा. मात्र दहाहि जण एकाच वहींत लिहूं पाहत असतील, तर त्यांना एकामागून एक उभें राहावें लागेल, हें विसरूं नये.

आपलें काम ह्यांपैकीं कोणत्या जातीचें हें ओळखण्याचा सोपा उपाय जुन्या यंत्रांतच आहे. नवें घेण्यापूर्वीं, काम रेंगाळत असतां, विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडावा आणि प्रत्येक कोअरचा आलेख निरनिराळा पाहावा. एक आलेख माथ्याला भिडला आहे आणि बाकीचे तळाशीं निजले आहेत असें दिसलें, तर तुम्हांला गति पाहिजे. सगळेच माथ्याला भिडले असतील, तर तुम्हांला संख्या पाहिजे. आणि सगळेच तळाशीं असूनहि काम रेंगाळत असेल, तर प्रोसेसर निर्दोष आहे. रॅम, साठवण किंवा इंटरनेट ह्यांच्याकडे पाहावें.

आंकडे वाचतांना तीन गोष्टींचें भान ठेवावें. वेष्टनावर जी मोठी गति छापलेली असते, ती बहुधा एक-दोन कोअर थोडा वेळ गांठतात ती कमाल गति होय; सर्व कोअर एकदम राबूं लागले म्हणजे ती खालीं येते. दुसरें असें, कीं निरनिराळ्या पिढ्यांच्या चिपांची गति एकमेकींशीं ताडून पाहूं नये. एका ठोक्यांत किती काम होतें, हें पिढीगणिक बदलतें. इंटेलनें २००६ सालीं काढलेल्या 'कोअर' नांवाच्या चिपांचे ठोके पेंटियम ४ हून कमी होते, तरी त्या अधिक काम करीत. तिसरें असें, कीं आजच्या पुष्कळ चिपांत सगळे कोअर सारखे नसतात. कांहीं थोर असतात, कांहीं वीज वांचविण्यासाठीं ठेवलेले लहान असतात. घरांतलीं माणसें मोजावीं आणि त्यांत पाळण्यांतलें बाळहि कमावतें धरावें, तसा हा हिशेब होतो. म्हणून "कोअर किती?" एवढें विचारून थांबूं नये, "थोर किती आणि लहान किती?" असें विचारावें.

श्रोतेहो, गति ही विकत मिळणारी वस्तु आहे. पण ती आतां महाग झाली आहे, आणि तिची सीमाहि दिसूं लागली आहे. संख्या स्वस्त आहे. पण कामाची वांटणी केल्यावांचून ती फळ देत नाहीं. पुण्याच्या त्या मंडळींना जेव्हां चपळ यंत्रें मिळेनात, तेव्हां त्यांनीं वांटणीची विद्या हस्तगत केली, आणि तिच्याच बळावर आज आभाळाचे चौकोन मोजले जात आहेत. दुकानदाराला एवढा खटाटोप करावयाचा नाहीं. त्यानें विक्रेत्याकडे जाण्यापूर्वीं एक दिवस आपल्या कामाकडे शांतपणें पाहावें. कोणतें काम एकट्याचें आहे आणि कोणतें दहाजणांत वांटतां येतें, हें कागदावर लिहून काढावें. आणि तो कागद खिशांत ठेवून मगच बाजाराची वाट धरावी.